बिनआवाजाचा डबा

माझ्या मामाच्या कानांविषयी बोलायची घरात सोय नव्हती. त्याचा जन्म पत्रा ठोकण्यात गेला. मोठमोठ्या इमारतींच्या छतातून वारा नेणारे पत्र्याचे चौकोनी बोगदे तो बनवायचा. एवढी वर्षं हातोडी आणि पत्र्याच्या मधोमध डोकं ठेवल्यावर कान जाणारच, पण त्याचं म्हणणं वेगळं होतं. "मला सगळं ऐकू येतं. हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात." डॉक्टरांनी दिलेलं कानाचं यंत्र कपाटात बनियनांच्या खाली पडून असायचं. त्याचं नाव काढलं की मामा जेवता जेवता उठून जायचा. मामी होती तोवर ती सांभाळून घ्यायची. ती गेल्यावर ताई, म्हणजे मामाची एकुलती एक मुलगी, घरात ओरडून बोलायला लागली.

गंमत अशी की ताईचं पोट चालायचं ते हळू आवाजावर. ती पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची आणि एक कंपनी ती ऐकणाऱ्यांपर्यंत पोचवायची. घरातलीच खोली, घरातलाच कॉम्प्युटर. पण कॉम्प्युटर तापला की त्याचे पंखे असे घोंगावायचे, की नायिका रडतेय की गिरणी चालू आहे तेच कळू नये. कंपनीने रेकॉर्डिंग परत पाठवलं.

"असंच चाललं तर मला त्यांच्या स्टुडिओत जावं लागेल, बाबा. लांब. तिकडेच राहावं लागेल."

एवढं वाक्य मामाला पहिल्याच फटक्यात ऐकू गेलं.

तो हात धुऊन त्या कॉम्प्युटरच्या मागे लागला. त्यातली उष्णता पाण्याने बाहेर काढता येते, म्हणजे गोंगाट करणारे पंखे लागत नाहीत, असं ताईने वाचलं होतं. बाजारात तयार संच मिळतो. पण तयार वस्तू घरात आणणं मामाला कमीपणाचं वाटायचं. त्याने भंगारवाल्याकडून जुन्या मोटारीतल्या हीटरचं रेडिएटर आणलं, माशांच्या टाकीचा पंप आणला, नळ्या जोडल्या. गरम पाणी रेडिएटरमध्ये यायचं आणि त्याला वारा घालायला एकच मोठा पंखा, तोही सावकाश फिरणारा.

पहिल्यांदा त्याने पंखा रेडिएटरला थेट चिकटवला आणि हात लावून पाहिला. कडा गार, मधे चटका.

"पंख्याच्या पोटात मोटर बसलीय," तो म्हणाला. "तिच्यामागे वारा जाणार कसा? मधे जागा सोडायला पाहिजे, म्हणजे वारा पसरेल."

मग त्याने पत्र्याचा डबा केला. चार बोटं खोल, दोन्ही तोंडं उघडी, एकीकडे पंखा, दुसरीकडे रेडिएटर. कोपरे असे दुमडले की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. याला श्राउड म्हणतात, असं ताईने सांगितलं. "म्हणेनात का," मामा म्हणाला, "डबा तो डबा." पंखा सुरू करून त्याने कान जवळ नेला आणि लहान मुलासारखा हसला.

"ऐक! आहे काही आवाज?"

ताई जरा थांबली. मग म्हणाली, "झकास, बाबा."

नंतर काही दिवस तिने खिडकीवर रजया लटकवल्या, माईक इकडून तिकडे हलवला. आणि मग ती गेली. तिकडे काम जास्त मिळतं, म्हणाली. मामाने तिची बॅग उचलून दिली, पण ते काही त्याच्या घशाखाली उतरलं नाही. "आवाज तर मी बंद केला होता ना? मग का गेली?" तो भेटेल त्याला विचारायचा. शेवटी त्याने मनाशी ठरवून टाकलं, पोरगी आपल्याला कंटाळली.

मी त्याला भेटायला गेले ती त्यानंतर. ताईची खोली झाडून ठेवलेली, आणि कॉम्प्युटर चालू. बंद राहिला तर नळ्यांत शेवाळ धरतं, म्हणून मामा तो रोज चालवायचा. माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे सगळ्या खानदानाला ठाऊक आहे. खोलीत पाऊल टाकलं आणि मी बोलून गेले, "मामा, हे शिट्टी कसली मारतंय?"

"कोण?"

"हा तुझा डबा. दातात कळ जातेय माझ्या!"

तो चिडेल असं मला वाटलं. चिडला नाही. डब्यावर तळवा ठेवून उभा राहिला. मग कपाटाकडे गेला, बनियनं उपसली, यंत्र काढलं. त्यातला सेल मेला होता, तो मी कोपऱ्यावरून आणून दिला. यंत्र कानात घालून तो डब्यासमोर बसला आणि त्याचा चेहरा बघता बघता उतरला.

"पंखा आणि पत्रा यांच्यामध्ये कॅनव्हास घालायचा असतो," तो म्हणाला. "नाहीतर पत्रा गातो. आमच्या धंद्यातला पहिला धडा. जन्मभर दुसऱ्यांना शिकवला. म्हटलं, एवढ्याशा पंख्याला काय करायचंय."

त्याने जुन्या चपलेचा तळ कापला, रबराच्या पट्ट्या पंख्याखाली घातल्या, स्क्रू पुन्हा आवळले. चहा निवायला लागतो तेवढा वेळही लागला नाही. शिट्टी गेली.

"पोरीला पहिल्याच दिवशी ऐकू आली असणार. तिचा तर धंदाच कानाचा," मामा म्हणाला. "एक शब्द बोलली असती तर..." त्याने उरलेलं रबर गोळा केलं. मग म्हणाला, "बोलणार कशी? मी कुणाला बोलू दिलं?"

मी म्हटलं, "आता फोन कर. सांग तिला. येईल परत."

"तिथे तिचं बस्तान बसलंय. आता सांगितलं तर जन्मभर जिवाला लावून घेईल, की उगाच गेले. नको. आणि तूही तोंड उघडू नकोस."

संध्याकाळी ताईचा नेहमीसारखा फोन आला, मामाने तो स्पीकरवर घेतला. सवयीने ती ओरडूनच बोलत होती. "बाबा, जेवलात का? मशीन चालतंय ना नीट?"

"चालतंय," मामा म्हणाला. "आवाज अजिबात नाही."

पलीकडे ती जरा थांबली.

"तो कधी नव्हताच, बाबा," ती म्हणाली, या वेळी अगदी हळू.

मामाने कानातलं यंत्र बोटाने आत दाबून धरलं. त्याला सगळं ऐकू आलं होतं.