भीतीची खुर्ची

आमच्या मॅडमना रिकाम्या हातानं वर्गात आलेलं कुणी पाहिलं नाही. त्या यायच्या त्या एक रिकामी खुर्ची ओढत, आणि तिच्या खरखराटानं आमच्या नांदेडच्या कॉलेजचा अख्खा मजला जागा व्हायचा. नाव पडलं, खुर्चीवाल्या मॅडम. मूळच्या उदगीरच्या. शिकवायच्या कॉमर्स, पण पोरांना नोकरीच्या मुलाखतीसाठी तयार करायचं काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं.

सरावाला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला, "आज तुझ्यासंगं कोण आलंय?" मग मनात जे काही चाललं असेल त्याचं नाव सांगायचं. कुणाबरोबर राग यायचा, कुणाबरोबर लाज. एकजण भूक घेऊन आला, तर त्याला केळं मिळालं. जे आलं असेल त्याला शेजारची रिकामी खुर्ची द्यायची. "दारात उभं ठेवलं तर लई दंगा करतंय. बसू दे की त्याला. बोलायचं मात्र तू," असं मॅडमचं म्हणणं.

माझ्याबरोबर कायम भीती, आणि भ्यायले की मला हसू सुटायचं, खांदे गदागदा हलवणारं. मुरुडला आमच्या किराणा दुकानात ते खपून जायचं, पण दोन मुलाखतींत त्यानंच माझा घात केला. शेवटी वडिलांनी निक्षून सांगितलं, या खेपेला जमलं नाही तर घरी यायचं, स्थळ बघून ठेवलंय. मला तर नोकरीच करायची होती. त्या दिवशी मॅडमसमोर मी चक्क रडले. त्यांनी रडूसाठी आणखी एक खुर्ची आणली, तेव्हा कुठे हसले.

मुलाखत लातूरला होती. आत टाय लावलेले तीन साहेब. बसा म्हणाले, आणि मी सवयीनं कोपऱ्यातली जादा खुर्ची खरखरत ओढून आणली, शेजारी मांडली आणि मग बसले.

अजून कुणी येणार आहे का, असं मधल्या साहेबांनी विचारलं. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता.

"भीती आलीय सर. तिला बसवलं की मला नीट बोलता येतं."

मधले साहेब जे हसायला लागले, ते पार डोळे पुसेपर्यंत. गंमत म्हणजे माझं हसू कुठल्या कुठे पळालं होतं. पुढची सगळी उत्तरं मी न अडखळता दिली. नोकरी लागली. वडिलांनी दुकानात पेढे वाटले, स्थळवाल्यांनाही नेऊन दिले.

परवा मॅडम निवृत्त झाल्या. आम्ही जुनी पोरं झाडून जमलो होतो. एरवी जिच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही ती बाई माईकपुढे नुसती उभी, माईक उगाच खालीवर करतेय. मला ते बघवेना. मी पहिल्या रांगेतली खुर्ची घेतली आणि मुद्दाम खरखरत ओढत स्टेजवर त्यांच्या शेजारी नेऊन ठेवली.

"मॅडम, आज तुमच्यासंगं कोण आलंय?"

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या आम्हा सगळ्यांकडे.

"लई जण आलेत गं," त्या म्हणाल्या. "एका खुर्चीत न्हाई मावायचे."

तोवर मागच्या रांगांतून खुर्च्या ओढल्याचा खरखराट सुरू झाला होता.