दवाने जड झालेलं जहाज
धानाच्या ढिगावरच्या ताडपत्रीवर दव दिसलं की माझा जीव अजून खालीवर होतो. करडी गावात आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, लेकीने तिचं बिनमाणसाचं हवाई जहाज आणलं होतं, त्या सकाळची गोष्ट. जहाज म्हणजे हो, लांबुडका मोठा फुगा, पाठीवर उन्हाने वीज देणाऱ्या पट्ट्या. धुराचं नाव नाही. तिचे सर नागपूरहून बघायला आले होते, आणि रात्रभरच्या दवाने जड झालेलं ते धूड जमिनीवरून उठेचना. ऊन चढून दव वाळेपर्यंत वारा सुटणार, मग उडवायची सोयच नाही. लेक नुसती येरझाऱ्या घालत होती. धान कापणाऱ्या बाया पुसायला धावल्या, तशी ती ओरडली, "बांगड्यांनी फाटन ना! काढा अगोदर!" "काहून काढू वो? नवरा जित्ता हाये माहा!" एक फणकारली, अन् सगळ्या थबकल्या. माझी विधवा जाऊ लांब शेताच्या कडेला, धुऱ्यावर उभी होती. नव्या कामात ती कधी पुढे होत नसे. "माहे हात रिकामेच हायेत," ती हळूच म्हणाली. जुन्या मऊ लुगड्याने तिने सगळं जहाज पुसून काढलं, तसं ते दोरीला ओढ देऊ लागलं. लेकीने दोरी तिच्याच हाती दिली. "मोठ्याई, तूच सोड." "पहिल्यांदा उडून राहिलं, अन् मी सोडू?" "सोड ना, वारा येऊन राहिला!" तिने डोळे मिटून दोरी सोडली, आणि जहाज अलगद वर गेलं. माझी जाऊ आता हयात नाही. ताडपत्री उन्हाने वाळेल हे मला कळतं, तरी पदर घेऊन पुसल्याशिवाय राहवत नाही.