रोवणीची हजेरी

भोजराज शहारेच्या शेडमध्ये एक नियम होता. वेल्डिंगचा होल्डर हाती घेण्याआधी पोराने आपल्या लोखंडी प्लेटवर नावाचं पहिलं अक्षर पंच-खिळ्याने ठोकायचं, मगच ठिणगी पाडायची. "बिघडलं तं कोनाचं बिघडलं, दिसलं पायजे," तो म्हणे. "आनि साधलं तं बी कोनाचं साधलं, दिसलं पायजे."

नवेगाव बांधच्या रस्त्याला एका संस्थेची खासगी आयटीआय आहे. टिनाच्या दोन शेड, एक ऑफिस, गेटाजवळ चिंचेचं झाड. भोजराज तिथं अठरा वर्षं वेल्डर ट्रेडचा निदेशक होता. नेमणुकीची ऑर्डर दरवर्षी नवी निघे, अकरा महिन्यांची. वय सत्तेचाळीस. डावा डोळा कायम पाणावलेला, कारण तरुणपणी भिलाईत एका ठेकेदाराकडे त्याने सहा वर्षं उघड्या डोळ्यांनी वेल्डिंगचे टाके मारले होते.

भिलाईची गोष्ट तो प्रत्येक बॅचला सांगायचा. "सहा वर्सं म्या वेल्डिंग केली. पाइप, टाक्या, समदं. पन गेटपासवर काय लिवलं होतं? हेल्पर. काऊन? तं कागद नोता. ज्या पोट्ट्याले म्या होल्डर धराले शिकवलं, तो सर्टिफिकेट घेऊन आला आनि माह्याच डोक्यावर फोरमन झाला. मले म्हने, भोजराज, जरा रॉड तो लाना."

पोरं हसायची. तोही हसायचा. "हासा बे हासा. पन कागद घेतल्याबिगर अथून जाऊ नोका."

तो स्वतः सत्ताविसाव्या वर्षी गावी परतला, मिशा न फुटलेल्या पोरांच्या बाकावर बसला आणि परीक्षा दिली. त्याचं प्रमाणपत्र अजून घरी भिंतीवर आहे, बुद्धाच्या फोटोखाली, काचेत. बायको अल्का दर रविवारी दोन्ही काचा एकाच फडक्याने पुसते.

वेल्डरचा कोर्स एका वर्षाचा. ऑगस्टला सुरू होतो, जुलैत संपतो. आणि जुलैतच आमच्याकडे धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी. रोपांचे पऱ्हे हातभर झाले, शेताच्या बांध्यांत चिखल झाला की घरात दोन पाय असलेलं कोणी बसून राहत नाही. बाया वाकून रोवतात, गडी पऱ्हे उपटून पेंढ्या टाकतात, बैल नाही तर ट्रॅक्टर चिखलणी करतो. पंधरा दिवस गाव घरात दिसत नाही. परीक्षेला बसायचं तर ऐंशी टक्के हजेरी लागते, आणि दिवाळीची धानकापणी, उन्हाळ्यातला तेंदूपत्ता ह्यांत सूट आधीच संपत आलेली असते. हा नियम ज्याने केला त्याने धानाची बांधी पाहिलेली नसावी.

पहिल्या वर्षी भोजराजने खरी हजेरी लावली. सात पोरांची हॉल तिकिटं अडली. त्यांतला एक दोन महिन्यांनी त्याला गोंदियाच्या स्टेशनवर भेटला. खांद्यावर थैला, हैदराबादच्या गाडीची वाट पाहत होता. "सर, हेल्परच चाललो," म्हणाला, आणि वाकून पाया पडला. भोजराज त्या रात्री जेवला नाही.

पुढच्या रोवणीत त्याने सगळ्यांना हजर मांडलं. त्याच्या पुढच्याही. ह्याला नाव पडलं रोवणीची हजेरी. प्राचार्य दुलीचंद पटले ऑफिसातून हाक द्यायचे, "शहारे, रोवणीची हजेरी भरली का गा?" चहा ठेवला का, असं विचारावं तसं. त्या हजेरीवर अडीचशे पोरं पास होऊन कामाला लागली, आणि सोळा वर्षं कोणाचं काही बिघडलं नाही.

गेल्या वर्षीच्या बॅचला वीस जण होते. एकोणीस पोरं आणि एक नीतू मडावी.

नीतू तलावाच्या बांधापलीकडची, जंगलाकडच्या टोलीवरची, म्हणजे छोट्या वस्तीतली. आई नव्हती. बाप लालसिंग जंगलकामगार, शिवाय दोन एकर धान. पोरगी रोज पाच किलोमीटर चालत यायची, बोलायची कमी, पण तिचा हात विलक्षण स्थिर. उभ्या प्लेटवर खालून वर वेल्डिंग चढवायची म्हणजे वितळलेलं लोखंड अंगावर ओघळू पाहतं. भल्या भल्यांच्या ओळीचं गांडूळ होतं. नीतूच्या जोडावरची काळी पपडी हातोडीने उडवली की खालून धानाच्या लोंबीसारखी एकसारखी ओळ निघायची. मे महिन्यात नागपूरकडच्या एका कंपनीची माणसं पोरं निवडायला आली. त्यांनी एकटी नीतू घेतली. अट एकच होती, ऑक्टोबरच्या आत पास झाल्याचं प्रमाणपत्र.

"सर, पंधरा दिवस रोवनीले गेली नाई तं माहा हात आनखी बसन," ती म्हणाली.

"आनि घरचा रोवना?"

"बाबा करतो म्हने."

रोवणा एकमेकांच्या शेतात फिरून होतो. आज तुझ्या बांधीत, उद्या माझ्या. ज्या घरातून बाई रांगेत येत नाही, त्या घरच्या बांधीत कोणी उतरत नाही. त्यामुळे पोरीच्या जागी लालसिंग स्वतः बायांच्या रांगेत उभा राहिला. पन्नास वर्षांचा गडी, धोतर खोचून, सोळा बायांमध्ये वाकलेला. टोलीवर असं कोणी पाहिलं नव्हतं.

"लालसिंग दादा, लुगडं आनू काय तुमाले?" रांगेची मुकादम रुख्माबाई ओरडायची.

"आन. पन लाल आन."

"बांगड्या?"

"वेल्डिंगवालीच्या बापाले लोखंडाच्या लागन, बाई."

बाया हसून चिखलात बसायच्या. लालसिंग हसायचा आणि संध्याकाळी ओटीवर पालथा पडायचा. नीतू त्याच्या कमरेवर तेल चोळायची. "नाई गेली असती तं?" ती विचारायची. "तं मंग म्या लुगडं कायले नेसलो?" तो म्हणायचा.

त्या पंधरा दिवसांत शेडमध्ये रोज दोनच माणसं असायची, भोजराज आणि नीतू. सोळा तारखेला भोजराज तिला म्हणाला, "उद्या-परवा माहा रोवना हाय. अल्का एकटी पडली. तू ये, केवलराम चपराशी शेड खोलून देईन. दोन-दोन प्लेटा मार." मग नेहमीप्रमाणे त्याने हजेरीपट काढला आणि पुढच्या दोन दिवसांच्या खुणा आधीच करून टाकल्या. वीसच्या वीस हजर. स्वतःचीही सही. डायरीत लिहिलं, उभ्या जोडाचा सराव.

त्या रात्री अतिवृष्टीचा इशारा आला आणि जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा-कॉलेजांना दोन दिवस सुटी जाहीर झाली. ग्रुपवर आदेश पडला. भोजराजचा मोबाईल प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या पिशवीत होता. दोन दिवसांनी त्याने तो उघडला तेव्हा फुलांच्या शुभेच्छा, वाढदिवस, कोणाचं दुःखद निधन असे साठ-सत्तर मेसेज होते. त्याने एका अंगठ्याने सगळे वर सरकवले.

नीतूने सांगितलं होतं. "सर, गेटाले कुलूप होतं दोनी दिवस. केवलराम कका सुटी म्हनत होते."

केवलराम चपराशी ढग दिसला तरी सुटी जाहीर करणारा माणूस. "त्याच्या कामचोरपनाले सुटी नाई," भोजराज म्हणाला, आणि विषय तिथंच संपला. हजेरीपट कपाटात गेला.

महिनाअखेरीला तपासणीचं पथक आलं. साहेब गोंदियाचे, अर्धे हिंदीत, अर्धे मराठीत बोलणारे. हजेरीपट चाळता चाळता त्यांचं बोट थांबलं.

"शहारेजी, सतरा तारखेला पोरांनी काय केलं?"

भोजराजने डायरी वाचली. "उभ्या जोडाचा सराव, सर. वीस हजर."

"और अठरा को?"

"तेच. वीस."

साहेबांनी मोबाईल फिरवून त्याच्यासमोर धरला. "पूरे जिले में छुट्टी थी. तुमच्याकडे मात्र वीसच्या वीस वेल्डिंग करून राहिले. बहुत मेहनती बच्चे हैं."

पटले सर खिडकीतून चिंचेकडे पाहू लागले.

नीतू दारात उभी होती. तिला वाटलं, आपण बोललो तर सरांची बाजू सावरेल. "सर, मी आली होती," ती म्हणाली. "दोनी दिवस. गेटाले कुलूप होतं. गेटाबाहेर उभी राहिली बारा वाजेपर्यंत."

"म्हणजे सुटीच्या दिवशी तू हजर होतीस, हे खरं आहे?"

"हाव."

खोलीतले सगळे हसले. साहेबांनी तेही लिहून घेतलं.

आठ दिवसांत पत्र आलं. हजेरीपट विश्वासार्ह नाही, सबब ह्या बॅचला परीक्षेला बसता येणार नाही. वेल्डर ट्रेडचे नवे प्रवेश बंद. ज्या पोरीच्या बापाने लुगड्याची थट्टा सोसली होती तिची खरी हजेरी एकोणीस खोट्या हजेऱ्यांसोबत एकाच रेघेत कापली गेली.

पाचव्या दिवशी भोजराजने कागद काढला. 'नीतू लालसिंग मडावी ही रोवणीच्या काळात रोज हजर होती. बाकीच्यांची हजेरी मी दरवर्षीप्रमाणे खोटी लावली. शिक्षा मला द्यावी, तिला परीक्षेला बसू द्यावं.' खाली सही, तारीख.

पटले सरांनी तो वाचला. "हे देशील तं तू बी गेला, शहारे, आनि पोट्टे बी गेले. आज निसती शंका हाय. उद्या पुरावा होईन."

"पोट्टी तं वाचन?"

"एकीसाठी एकोनिसायले पानी सोडतं काय बे?"

भोजराजने एका पोत्यात नीतूच्या नऊ प्लेटा भरल्या, प्रत्येकीवर 'नी' ठोकलेलं, आणि गोंदियाची बस धरली. अल्का दारापर्यंत आली. "नोकरी वाचवून येजा," एवढंच म्हणाली, पण ती वाचणार नाही हे तिला कळलं होतं.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला.

"शहारेजी, तुम्ही इथं लिहिता की तुम्ही अठरा वर्षं खोटी हजेरी लिहिली."

"सतरा, सर. पयल्या वर्षी खरी होती."

"ठीक, सतरा. मग ही एक पोरगी खरी, हे मी कोणाच्या शब्दावर मानू? तुमच्याच?"

भोजराजने पोतं उघडलं. टेबलावर प्लेटा मांडल्या, एकेक. "हे पाहा. तिच्या हाताचं काम हाय. नाव ठोकलं हाय. कोनत्याबी मशीनीखाली घाला."

साहेबांनी एक प्लेट उचलून पाहिली. काम त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. मग त्यांनी ती खाली ठेवली. "नाम तो कोई भी ठोक सकता है, भाऊ."

प्लेटा परत पोत्यात गेल्या. कबुलीचा कागद मात्र टेबलावरच राहिला, त्याची पोच घेऊनच भोजराज उठला. पुढच्या महिन्यात त्याची ऑर्डर निघाली नाही. एकोणीस घरांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. एका पोराचा बाप बाजारात सगळ्यांसमोर म्हणाला, "मास्तर, तुमची दया आमाले महाग पडली." ऑक्टोबर आला आणि गेला. कंपनीकडून नीतूला फोन आला नाही. तिने केला तेव्हा त्यांनी नम्रपणे सांगितलं की जागा भरली.

आता भोजराज रस्त्यावरच्या एका दुकानात खिडक्यांच्या जाळ्या बनवतो. जुलैत चिखलणीच्या ट्रॅक्टरांची लोखंडी चाकं तुटतात, ती जोडायला शेतांवर जातो. ह्या वर्षी एक चाक टोलीवर तुटलं. काम झाल्यावर तो धुऱ्याधुऱ्याने नीतूच्या रांगेकडे गेला. पिशवीत गोंदियाच्या सरकारी आयटीआयचा प्रवेशाचा फॉर्म होता, आणि एक प्लेट.

रांगेत सोळा बाया होत्या. नीतू मधोमध, गुडघाभर चिखलात. लालसिंग धुऱ्यावर बसून होता. गेल्या रोवणीपासून त्याची कंबर सरळ होत नाही.

"जय सेवा, मास्तर," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. भोजराजला राग चालला असता.

एक बाई उशिरा, घाईघाईने पदर खोचत आली. रुख्माबाई रांगेतूनच गरजली, "अवो महारानी, अर्ध्या दिवसाची लागन तुही हजेरी. चिखलात पाय नाई तं हजेरी नाई. आपल्या अथी असंच हाय!"

बाया हसल्या. नीतूही हसली. भोजराज हसला नाही.

ती धुऱ्याशी आली तेव्हा त्याने फॉर्म काढला. "पुन्हा एक वर्स हाय फक्त. फी म्या भरतो. तुहा हात गेला नाई अजून."

तिने फॉर्मला हात लावला नाही. हात चिखलाचे होते. "कोर्स कवा संपन सर?"

"जुलैत."

"मंग जुलैत अथी कोन उभं राहीन?" तिने बापाकडे पाहिलं, मग पुन्हा भोजराजकडे. "बाबाले आनखी एकदा बायांच्या रांगेत उभा करू काय?"

तो फॉर्मच्या घड्या करत राहिला. चार घड्या, आठ घड्या. मग पिशवीतून प्लेट काढून त्याने धुऱ्यावर ठेवली. 'नी' वर गंजाची लाल बुरशी आली होती. ओळ तशीच होती, लोंबीसारखी.

"तुही हाय. माह्याकडं कायले ठेवू?"

नीतूने ती उलटीपालटी करून पाहिली. तिचा अंगठा एकदा त्या ओळीवरून खालून वर गेला. वारा सुटला होता. भाकरीच्या गाठोड्यावरची पन्नी फडफडत होती. तिने प्लेट त्या पन्नीवर ठेवली, नीट बसली का ते दाबून पाहिलं, आणि रांगेतली आपली जागा भरायला बांधीत उतरली.