परतीचं भाडं

सोलापुरात आमच्या गल्लीत एक विणकर काका आहेत. बोलताना हातातलं काम थांबवत नाहीत. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून मला ते ‘कॉलेज’च म्हणतात आणि इंग्रजी मेल माझ्याकडून लिहून घेतात.

त्यांच्या वडिलांनी विणलेलं एक वॉल हँगिंग परदेशातल्या ऑनलाइन लिलावात निघालं. काकांनी ते काठावरून ओळखलं आणि विकत घेतलं. भेटेल त्याला मोबाईलवर फोटो दाखवत होते. मग लाकडी पेटी, विमा, विमानभाडं असा पाठवणीचा खर्च कळला. किमतीच्या चौपट!

“काय बे कॉलेज, जाताना गाठोड्यात गेलं की! येताना नवरदेव झालं व्हय?”

दोनदा विनवून लिहिलं, पण लिलाववाल्यांनी काही कमी केलं नाही. काकांचे हात थांबले.

“लिही, ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच. पण खिळे ठोकू नका म्हणावं. वरच्या पट्टीतनं काठी घाला, न्हाईतर नायनांचं काम फाटंल.”

नायना म्हणजे त्यांच्या तेलुगूत वडील, हेही मी मेलमध्ये समजावलं.

उत्तर लगेच आलं. काठीबद्दल त्यात काहीच नव्हतं. वस्तू नेईपर्यंत गोदामाचं भाडं काकांनाच भरावं लागेल, एवढंच होतं. ते त्यांना वाचून दाखवणं अजून माझ्याच्यानं झालेलं नाही.