तुटलेल्या रिळाचा जोड

पडद्यावरचा पहिलवान आपटणार, तेवढ्यात रीळ तुटलं आणि पडदा पांढरा झाला. तालुक्याच्या जुन्या टॉकीजमधला दुपारचा खेळ होता. भागीदाराने मला आमच्या भांड्यांच्या दुकानातून बाहेर काढून महिना झाला होता. नवं दुकान मांडायची हिंमत होत नव्हती, म्हणून मी तिथे जाऊन बसलो होतो. डोकं तापलेलंच होतं. तरातरा जिना चढून ऑपरेटरच्या खोलीत शिरलो.

"अर्ध्या तिकिटाचे पैसे परत करा!"

"शेठ, रीळ तुटलंय, आता माझं डोकं तरी फोडू नका," म्हातारा हसला. खराब झालेली दोन हात फिल्म त्याने कात्रीने कापली, टोकं खरवडून चिकटवली, वर फुंकर मारली. "आता बघा."

यंत्र घरघरलं. आपटायला निघालेला पहिलवान एकदम उभाच! मांडीवरची माती झटकत होता. शिट्ट्यांनी टॉकीज दणाणलं. मीही पोट धरून हसलो.

महिनाभर मी मात्र माझं पडणंच रोज नव्याने लावून बघत होतो.

टॉकीजमधून निघालो तो थेट बाजारपेठेत, भागीदाराच्या दुकानासमोरचा रिकामा गाळा बघायला. "शेठ, भाडं किती घासाल!" म्हणत गाळामालकाने शेवटी हात जोडले. आज त्याच गाळ्यात बसून हे लिहितोय. भागीदारावरचा राग तेवढा मी कापला नाही. सकाळी त्याच्या आधी शटर उघडायला तो राग फार उपयोगी पडतो.