कर्ण्याच्या तारेचा जोड

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, देवापुढेही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण आता ती आत मावत नाही.

नाशकात लाउडस्पीकर भाड्याने देणारे तेव्हा आम्ही दोघं-तिघंच. त्याचा मला केवढा तोरा! विलायती तार मिळेना, तेव्हा तांबट आळीतून जाड, भरीव तांब्याची तार आणली, तिला सुती पट्टी गुंडाळून मेण दिलं आणि कर्ण्याची तार घरीच तयार केली. शेगडीच्या आचेवर कथील वितळवून टोकांना पितळी प्लग जोडायचे तेवढे राहिले होते.

आता एवढं समजून घ्या. जाड तार उष्णता पिऊन टाकते. तिलाच आधी नीट तापवावं लागतं, तरच कथील तिच्यावर पसरतं. नाहीतर ते नुसतं वर थिजून बसतं — दिसायला जोड पक्का, आतून सुटा. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण शेगडी विझत आली होती, आणि मला नवा कोट घालून पहिल्या रांगेत मिरवायचं होतं. प्लग हलवून पाहिला. किंचित हलला. मी त्यावर चिकटपट्टी गुंडाळली आणि कोट चढवला.

त्या संध्याकाळी गाणार होती माझी अक्का. माझी मोठी बहीण — नवऱ्याने टाकलेली, आमच्या घरी परत आलेली. गळा, एवढंच तिचं स्वतःचं होतं. गणेशोत्सवातलं हे गाणं रंगलं तर मुलींच्या शाळेत गाणं शिकवायला घेऊ, असं तिथल्या मोठ्या बाईंनी कबूल केलं होतं.

खालच्या सुरात सगळं ठीक होतं. ती वर चढली, कर्णा थरथरला, त्याला लावलेला तो प्लगही — आणि आवाज तुटत, खरखरत बाहेर आला. लोक हसले. कुणीतरी शिट्टी मारली. ती पुन्हा वर चढली. पुन्हा तेच. मग तिने तंबोरा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन बोटांनी ओढली, तर तार प्लगमधून अलगद निघून आली. शेगडी पेटवली, नीट तापवून जोड पक्का केला. इथवर चूकच होती — नाही का? पण अक्का चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"माझा आवाज फाटतो का रे?"

"वरच्या सुरात फाटतो, अक्का," मी म्हणालो. "यंत्र कशाला खोटं बोलेल?"

का म्हणालो मी असं? माझी तार वाईट ठरू नये म्हणून! दुसरं काहीही कारण नव्हतं. पुढच्याच आठवड्यात त्याच तारेवर एका पुढाऱ्याचं भाषण खणखणीत झालं. अक्का ऐकायला आली होती. "छान आहे रे तुझं यंत्र," ती म्हणाली. निदान तेव्हा तरी सांगायचं! मी मान डोलावली.

ती शाळेत गेलीच नाही. आरतीलासुद्धा नुसते ओठ हलवते. तिच्या हातचं मी रोज जेवतो, आणि रोज ठरवतो — आज सांगू. घास गिळतो आणि उठतो. कसला माणूस आहे मी?

परवा माझ्या मुलीचं बारसं झालं. आत्या म्हणून अक्कानेच तिच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं. मग पाळणा म्हणायची वेळ आली. सगळ्या बायका तिच्याकडे बघू लागल्या. ती हसली.

"तुम्ही म्हणा गं. माझा आवाज फाटतो, पोर दचकेल."

मी दारातच होतो, घुगऱ्यांचं ताट घेऊन. शेजारी द्यायच्या होत्या. त्या द्यायला मी निघून गेलो.