मिस्त्रीची साडेतीन बोटं

मिस्त्रीचं खरं नाव सांगायला त्याच्या सासूलासुद्धा क्षणभर थांबावं लागायचं. ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती आणि घरीदारी तो मिस्त्रीच होता. पोचा गेलेलं दार आतून ठोकळा लावून, बाहेरून हातोडीनं टकटक करत तो असं वळणावर आणायचा, की ठोकलं होतं ते हेच का, असं मालकानं दोनदा विचारावं.

त्यानंतर खरा सोहळा. मिस्त्री मलमलीचा जुना रुमाल पत्र्यावर पसरायचा, त्यावर बोटांची टोकं टेकवायचा, डोळे मिटायचा आणि मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा एकाच दिशेनं हात फिरवायचा. उघडं बोट घामानं अडखळतं. मधे पातळ कापड असलं की ते सरसर सरकतं आणि केसाएवढा उंचवटाही सांगतं. डोळ्यांना तो दिसत नाही. दिसतो तो रंग चढल्यावर, आणि तोही नेमका गिऱ्हाइकाला.

बोटांना काहीच लागलं नाही, तर मिस्त्री म्हणायचा, "झोपला." लागलं, तर, "जागा आहे अजून." तो हे बोलेपर्यंत अख्खं गॅरेज श्वास धरून उभं राहायचं, जणू आत कुणी बाळंत होतंय.

पत्रा मिस्त्रीचा, तर रंग मेहुण्याचा. बायकोचा हा धाकटा भाऊ बावीस वर्षं त्याच गॅरेजात पेंटर होता. रंगाआधी खड्डे भरायला पेंटरकडे पुट्टी असते, आणि मिस्त्रीला तिचा भारी तिटकारा.

"मेहुणे, तुमची पुट्टी म्हणजे खोटं बोलणं. पोचा राहतो तिथेच, वरून नुसता मुलामा."

"खरंय दाजी. नाहीतर तुमच्या तोंडावर नसती लावली? पण एवढे डबे आणायचे कुठून?"

असं चाललेलं. दोघं एका डब्यात जेवायचे आणि एकमेकांची उणीदुणी चटणीसारखी तोंडी लावायचे.

मग एका सकाळी मिस्त्रीला शर्टाचं बटण लागेना. डोळ्यांसमोर आहे, बोटात आहे, पण बोटांना पत्ताच नाही. अंगठ्यात मुंग्या, दोन बोटं कापसाची झाल्यासारखी. आठवड्यात तिसरा कप हातातून निसटला तेव्हा बायको म्हणाली, "आता पितळेच्या पेल्यात देते चहा. आपटा हवा तेवढा."

नसांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला डोळे मिटायला लावून टाचणीनं टोचून पाहिलं. अंगठा गप्प. पहिलं बोट गप्प, मधलं गप्प. करंगळी मात्र "आई गं!" अनामिकेची गंमतच होती: मधल्या बोटाकडची बाजू मुकी, करंगळीकडची बोलकी.

"बाई, एका बोटात दोन बिऱ्हाडं?"

"अगदी तसंच," बाई हसल्या. "दोघांच्या नसा वेगळ्या. करंगळीकडची कोपराच्या मागून येते. कोपर आपटलं की झिणझिणतं ना, तीच. ती ठणठणीत आहे. तुमच्या साडेतीन बोटांची नस मनगटातल्या बोगद्यातून जाते. त्याच बोगद्यात बोटं वळवणाऱ्या नऊ दोऱ्या. तीस वर्षं हातोडीचे हादरे खाऊन दोऱ्यांची आवरणं सुजली आणि ही बिचारी चेंगरली. बोटं बातमी पाठवतायत हो. ती मनगटात अडकते."

"आणि पोचली असती तर कुठे गेली असती?"

"दंडातून पाठीच्या कण्यात, तिथून मेंदूत. मेंदूत सगळ्या अंगाचा नकाशा असतो. अख्ख्या पाठीला त्यात ओसरीएवढी जागा आणि बोटांना हे भलंमोठं अंगण. तुमचं तर आणखीनच मोठं असेल. पण अंगण रिकामं राहिलं की शेजारी हळूहळू कुंपण सरकवतात. उशीर करू नका." मग त्याच्या डाव्या हाताकडे बघत त्यांनी विचारलं, "हा घड्याळाचा पट्टा आत्तापर्यंत जाणवत होता?"

"नाही. तुम्ही म्हणालात तेव्हा जाणवला."

"बघा. जे सारखं अंगाला लागून असतं, त्याची वर्दी नसा रोज देत नाहीत. बदल झाला तरच ओरडतात. तुमचं दुखणं हळूहळू आलं, म्हणून कळलं नाही."

शस्त्रक्रिया छोटी होती, पण तीन महिने हातोडी बंद. मिस्त्रीनं बाईंनी लिहून दिलेला कागद घडी घालून खिशात ठेवला. तीन महिन्यांत त्याच्या जागी दुसरा कुणी रुमाल पसरेल, आणि मग आपल्याला गेटावर बसवतील, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं. डावा हात कामाचा नव्हता. त्याला जन्मभर ठोकळाच धरायला लावलेला. आणि करंगळीनं पत्रा तपासायला लागलो तर गॅरेजातलं कुत्रंसुद्धा हसेल.

त्यानं फक्त बायकोला सांगितलं, तेही तिच्याकडून वचन घेऊन. "तुझ्या भावाला तर मुळीच नाही."

"माझ्या तोंडात तीळ चांगला भिजतो," बायको म्हणाली.

तीळ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतसुद्धा भिजला नाही.

मिस्त्रीला त्याची कल्पना नव्हती. तो रुमाल पसरायचा, डोळे मिटायचा, हात फिरवायचा. आता त्याला प्रत्येक पत्रा झोपलेलाच लागायचा. लागणारच, बोटंच घोरत होती. पहिल्यांदा "झोपला" म्हटल्यावर तो दिवसभर गेटाकडे बघत राहिला. पण तक्रार आली नाही. आठवडा गेला, महिना गेला, एकही गाडी परत आली नाही. उलट सगळे म्हणायचे, "वा मिस्त्री, काय हात आहे!" मेहुणा तर सर्वांत मोठ्यानं. मग मिस्त्रीची भीड चेपली. "मेहुणे, कला बोटात नसते. हाडात असते," तो ऐकवायचा. मेहुणा खाली बघून घास चावायचा.

तीन महिन्यांनी एका दुपारी, रंगून तयार झालेल्या पांढऱ्या गाडीखाली मांजर झोपलं होतं. त्याला हुसकायला मिस्त्रीनं दारावर बोटाच्या पेरानं ठोकलं.

थप्प.

मांजर गेलं. मिस्त्री जागचा हलला नाही. उघडा पत्रा टणकन बोलतो; पुट्टीचा थर असला की त्याची वाचा बसते. बोटांची बातमी अडली होती, पण कानाची नस काही मनगटातून जात नाही. आवाज पडद्यावर आदळला, तीन इवल्या हाडांतून शंखात शिरला आणि थेट डोक्यात जाऊन बसला. त्यानं पुन्हा ठोकलं. थप्प. शेजारची निळी गाडी: थप्प. तिच्यापलीकडचं बोनेट: थप्प. आवारातल्या सहा गाड्या त्यानं डॉक्टरसारख्या ठोकून पाहिल्या. एकही टण म्हणाली नाही.

मेहुणा पॉलिशपेपर हातात घेऊन मागे उभा होता.

"कधीपासून?"

"दाजी, जेवून घेऊ आधी..."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही हात धुवायला गेलात की मी बघायचो. कुठे कुठे थोडं... भरून घ्यायचो."

"आणि हे सगळे? 'वा मिस्त्री' म्हणणारे?"

मेहुण्यानं पेपर उलटा केला, सुलटा केला. "मीच सांगितलं होतं म्हणायला. मालकांनाही ठाऊक आहे. तुमचं मन राखायला."

तीन महिने तो डोळे मिटून हात फिरवत होता आणि तेवढा वेळ अख्खं गॅरेज त्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत उभं होतं.

घरी बायकोनं दार उघडलं आणि त्याचं तोंड बघून स्वतःच सुरुवात केली. "अहो, नोकरी गेली असती तुमची!"

"वचन दिलं होतंस."

"आणि न सांगून काय केलं असतं? गाड्या परत आल्या असत्या, चार लोक हसले असते."

"ते तोंडावर हसले असते. हे पाठीमागे. पाठीला जागा कमी असते, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणून कळलं नाही."

बायकोला यातलं काही समजलं नाही. ती रडायच्या बेतात होती, पण मिस्त्री पितळेचा पेला घेऊन खिडकीत जाऊन बसला. बायको पंचवीस वर्षं मनगटावरच्या पट्ट्यासारखी त्याला लागून होती. मेहुणा बावीस. घड्याळाचा पट्टा काढून त्यानं खिडकीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं भंगारातून एक पोचा गेलेलं दार ओढून काढलं. सकाळपासून दुपारपर्यंत ठोकत राहिला. कुणी जवळ गेलं नाही. मग त्यानं रुमाल पसरला, पण स्वतः हात लावला नाही.

"मेहुणे, या. तुम्ही बघा."

मेहुण्यानं डोळे मिटले, हात फिरवला. एकदा. पुन्हा एकदा. गॅरेज श्वास धरून उभं.

"झोपला, दाजी. आईशप्पत झोपला."

मिस्त्रीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. 'वा मिस्त्री' म्हणणारा हाच आवाज त्यानं तीन महिने ऐकला होता. दारावर ठोकलं, टण वाजलं. पण टण एवढंच सांगतं, की पुट्टी नाही. पोचा आहे की नाही, हे सांगायला बोटच लागतं, आणि ते त्याच्याकडे नव्हतं. ज्याच्या शब्दावर हे दार सोडून द्यावं, असा माणूसही नव्हता. त्यानं खडूनं दारावर तारीख लिहिली, ते भिंतीवर टांगलं आणि मालकांना सांगितलं, "रंगवू द्यायचं नाही. भरू द्यायचं नाही. मी परत येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही." मग खिशातला घडी घातलेला कागद घेऊन तो दवाखान्यात गेला.

तीन महिने लागले. आधी मुंग्या परतल्या, मग गरम-गार, आणि एका सकाळी शर्टाच्या बटणाची चार भोकं त्याला एकेक करून मोजता आली.

तो गॅरेजात आला, तो थेट भिंतीकडे. दार उतरवलं, रुमाल पसरला, डोळे मिटले. बोटं सरकली... सरकली... आणि दाराच्या मुठीखाली, कडेपासून चार बोटांवर, थांबली. मसुराच्या डाळीएवढा उंचवटा. बोटांनी सांगितला, मनगटानं सोडला, मेंदूनं घेतला.

"जागा आहे," मिस्त्री म्हणाला.

मेहुण्यानं दोन्ही हात वर केले. "दाजी! आला की हो हात!"

"आला. आणि त्यानं पहिली गोष्ट काय सांगितली माहीत आहे? तुम्ही आईची खोटी शप्पथ घेतलीत."

सगळे हसले. मेहुणाही हसला; मग मिस्त्री हसत नाहीये असं दिसल्यावर थांबला.

आजही दोघं एका डब्यात जेवतात. पण मेहुण्याच्या हातून रंगलेली प्रत्येक गाडी बाहेर जाताना मिस्त्री तिला पेरानं ठोकतो, आणि घरी बायको "साखर घातलीय हो" म्हणाली, तरी आधी घोट घेतो, मग मान हलवतो.